‘तिकडे हे रोज घालतात का?’ पारंपरिक पोशाखाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात माझं शिलाईचं आणि कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग सुरू झाली की पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी शिवाजी महाराज, झाशीची राणी, वासुदेव आणि भाजीवाली एवढ्यावर भागायचं. आता शाळा ‘देश-विदेश’ ठेवतात आणि चिठ्ठीत पोरीला जपान नाहीतर भूतान निघतो. कपडा पिशवीत घालून देताना जवळजवळ प्रत्येकजण तेच विचारतो. एका आजींनी तर किमोनो चारदा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘इतलं गुंडाळीसन काम कसं करतस व माय त्या?’ प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं.

सरळ सांगा ताई, रोज घालतात की नाही?

देशावर कमी, कामावर जास्त अवलंबून आहे. ज्या कपड्यात शेतात, बसमध्ये, ऑफिसात वावरता येतं तो रोजचा राहिला. म्यानमारची लोंजी घ्या. कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, पुरुष पुढे गाठ मारतात, बायका एका बाजूला घडी घालून खोचतात. ते नेसून लोक बाजारात जातात, सायकल चालवतात. तिथल्या शाळांचा गणवेशसुद्धा पांढरा सदरा आणि हिरवी लोंजी असाच आहे. पाकिस्तानात सलवार-कमीज रोजची. फिजी बेटांवर ‘सुलू’ नावाचा गुडघ्याखालपर्यंतचा घेर ऑफिसातही चालतो, आणि तिथल्या पोलिसांच्या गणवेशात तर दातेरी कडेचा पांढरा सुलू असतो.

नेसायला दुसऱ्याची मदत लागते, धुवायला जपावं लागतं, चालताना पाऊल आखूड पडतं, असा कपडा मात्र कपाटात गेला आणि सणाला बाहेर येऊ लागला. जपानचा किमोनो तसा, कोरियाचा हानबोक तसा, आणि खरं सांगायचं तर आपली नऊवारीही आता तशीच.

रोज घालायलाच हवा असा नियम कुठे आहे?

भूतानमध्ये. पुरुषांचा ‘घो’ आणि बायकांचा ‘किरा’. सरकारी ऑफिस, शाळा आणि ‘झोंग’ म्हणजे तिथले किल्ल्यासारखे मठ-कचेऱ्या, इथे तो लागतोच. हा रिवाज जुना, पण १९८९ मध्ये राजाच्या हुकुमाने तो पक्का झाला. झोंगमध्ये जाताना पुरुषाला खांद्यावरून उपरण्यासारखा पट्टा घ्यावा लागतो. साध्या माणसाचा पांढरा, राजाचा पिवळा. संध्याकाळी थिंपूची तरुण पोरं जीन्समध्येच फिरतात, म्हणजे सुटी झाली की गणवेश उतरवल्यासारखं.

घो आमच्याकडे सगळ्यात जास्त जातो, कारण पोरांना तो आवडतो. तो गुडघ्यापर्यंत वर ओढून कमरेला पट्ट्याने करकचून बांधला की पोटावर मोठी झोळी तयार होते. भूतानी माणूस तिच्यात पाकीट, मोबाइल, सगळं ठेवतो. आपल्या आज्या लुगड्याच्या ओच्यात शेंगा आणि कनवटीला पैसे ठेवायच्या, त्याच जातीची सोय. मागच्या वर्षी एका पोराने स्टेजवर झोळीतून केळं काढून खाल्लं आणि पहिला नंबर पटकावला. खान्देशातला भूतानी असाच असणार.

आणि घालूच नका असा नियम?

तोही झाला आहे. इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगरी भागातल्या पुरुषांच्या किल्टवर, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्यावर, बंदी घातली, बंड मोडल्यावर पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून. १७८२ मध्ये ती उठली. तुर्कस्तानात १९२५ साली टोपीचा कायदा आला. फेज नावाची लाल, गोंडा लावलेली टोपी बंद, साहेबी हॅट चालू.

आपल्याकडे उलटं घडलं. तमिळनाडूत वेष्टी नेसून आलेल्या न्यायाधीशांना एका क्लबने दारातून परत पाठवलं, तेव्हा २०१४ मध्ये विधानसभेने कायदाच केला, की वेष्टी नेसली म्हणून कुणाला अडवता येणार नाही. धोतर नेसून आत यायला कायदा करावा लागला, हे ऐकून आमचे मास्तर (दुकानातले, शाळेतले नव्हे) दिवसभर हसत होते.

किमोनो जपानी लोक नेमका कधी घालतात?

लग्नात, चहाच्या विधीला, नवीन वर्षी देवळात जाताना आणि मुलं मोठी होण्याच्या टप्प्यांवर. १५ नोव्हेंबरच्या सुमारास ‘शिचि-गो-सान’, म्हणजे सात-पाच-तीन. त्या वयाच्या मुलांना नटवून देवळात नेतात. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्यांचा दिवस असतो. त्या दिवशी वीस वर्षांच्या मुली लांब बाह्यांचा ‘फुरिसोदे’ घालतात आणि पहाटेपासून पार्लरमध्ये बसतात. आपल्याकडे लग्नसराईत नेसवायला आणि मेकअपला पहाटे चारला नंबर लावतात, अगदी तसंच. उन्हाळ्यात आतषबाजीच्या जत्रांना ‘युकाता’ असतो. तो सुती, हलका, स्वस्त. गॅदरिंगला आम्ही ‘किमोनो’ म्हणून देतो तो खरं तर युकाताच, हे आता कबूल करून टाकते.

रोज घालणारेही आहेत. सुमो पैलवानांना घराबाहेर पारंपरिक कपड्यातच वावरावं लागतं. बाकी सरकारदरबारी साहेबी पोशाख १८७० च्या दशकातच आला आणि हळूहळू घराघरांत शिरला.

किमोनोची कोणती बाजू वर?

डावी बाजू वर. घालणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची नव्हे. उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवतात. हे मी चूक करून शिकले. एका शाळेत पाच मुलींना उलटं नेसवून पाठवलं. फोटो पाहून एकीच्या मामाचा पुण्याहून फोन आला. ते जपानी लोकांसोबत काम करायचे. ‘ताई, पाचही पोरी तुम्ही तिरडीवर बसवल्या,’ म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक किमोनोच्या आत डाव्या बाजूला लाल दोऱ्याची खूण आहे. ती खूण काढू नका.

आठवड्यातून एकदा घालतात, असं कुठे असतं का?

इंडोनेशियात शुक्रवारी. ऑफिसात, बँकेत बाटिकचा शर्ट. मेण लावून रंगवायच्या या कलेला युनेस्कोने २ ऑक्टोबर २००९ रोजी मान दिला, आणि आता ती तारीख तिथे बाटिकचा दिवस आहे. नायजेरिया आणि घानातही शुक्रवारी बरेच लोक सूट बाजूला ठेवून देशी कपड्यात कामावर येतात. व्हिएतनाममध्ये कित्येक शाळांतल्या मुली ठरावीक दिवशी पांढरा ‘आओ-झाय’ घालतात. लांब झगा, कमरेपासून दोन्ही बाजूंना चिरलेला, आत विजार. ज्या आया ‘हा तर आपला पंजाबी ड्रेसच’ म्हणून नाक मुरडतात, त्यांनी एकदा मुलीला घालून बघावा. अंगाला बेतून शिवलेला असतो, मापात दोन बोटं चुकली तरी बसत नाही. म्हणून आठ दिवस आधी माप द्या.

आपल्या कॉलेजात मात्र वर्षातून एकच ‘ट्रॅडिशनल डे’. त्या दिवशी मुली नऊवारीत, मुलं कुर्ता-फेट्यात, आणि अर्ध्या तासाने पार्किंगमध्ये पहिला फेटा सुटलेला.

नॉर्वेचा पोशाख भाड्याला का ठेवत नाही?

कारण तो नुसता दिसायला सोपा आहे. ‘बुनाद’ म्हणतात त्याला. लोकरीचा घागरा, भरतकाम, चांदीच्या पिना; आणि प्रत्येक भागाचा वेगळा. आपल्याकडे बोली बदलते तसा तिथे दऱ्याखोऱ्यांनुसार बुनाद बदलतो. तो घालण्याचा मोठा दिवस १७ मे, कारण १८१४ मध्ये त्या दिवशी त्यांची राज्यघटना झाली. रस्त्यावर मुलांच्या मिरवणुका निघतात आणि जिकडेतिकडे बुनाद दिसतात. शिवाय बारसं, लग्न आणि चर्चमधला ‘कन्फर्मेशन’ हा विधी, जो साधारण पंधराव्या वर्षी होतो. बहुतेक मुलींना बुनाद तेव्हाच मिळतो. किंमत आपल्या हिशोबाने लाखांत जाते. म्हणून शिवतानाच आत भरपूर माया ठेवतात, अंग भरलं की उसवून मोठा करायचा. एक बुनाद जन्मभर पुरतो, पुढे लेकीला जातो.

मला सगळ्यात जास्त आवडली ती ‘बुनाद पोलीस’ची गोष्ट. खरे पोलीस नव्हेत. ‘ही पिन या गावची नव्हे, बुनादवर गॉगल कुणी घालतं का,’ असं टोकणाऱ्या बायकांना तिथे लोक थट्टेने हे नाव देतात. अशा पोलीस आपल्या प्रत्येक हळदीत चार तरी असतात. ‘काष्टा वर गेला’, ‘पदर आखूड पडला’, ‘हे काय नेसणं आहे!’ त्यांच्या टोकण्यामुळे नेसायची पद्धत टिकते हे खरं, पण त्याच धाकाने कित्येक पोरी नऊवारीच्या वाटेला जात नाहीत हेही मी रोज बघते.

किल्टच्या आत...?

मुलाला हाफपँट घाला. पुढचा प्रश्न.

बरं, किल्टबद्दल एवढं सांगते: चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं. आपली नऊवारी, त्यांची आठवारी. सगळी चुणी मागे, पुढून सपाट. स्कॉटलंडमध्ये तो लग्नात, डोंगरी खेळांच्या जत्रेत आणि २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतल्या जेवणाला घालतात. आणि नवरदेव तो बहुतेक वेळा भाड्यानेच आणतो. हे वाक्य ‘भाड्याचं घालायचं म्हणजे कमीपणा’ म्हणणाऱ्यांसाठी. जपानी मुलींचे फुरिसोदेही बरेचसे भाड्याचे असतात. सोलमध्ये हानबोक घालून गेलं की जुन्या राजवाड्याचं तिकीट माफ, म्हणून राजवाड्याबाहेर भाड्याच्या दुकानांची रांग लागलेली. आपल्याकडे लळिंगच्या किल्ल्यावर अशी सोय केली तर माझा धंदा बारमाही होईल.

आखाती देशात एवढ्या उन्हात पायघोळ झगा कसा सोसतात?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा आपले म्हातारे काय घालतात ते आठवा. पांढरं धोतर, सैल सदरा, डोक्यावर टोपी, वर उपरणं. अंग झाकलेलं पण कापड अंगाला चिकटत नाही, आत वारा खेळतो. अमिरातींचा ‘कंदुरा’, सौदीचा ‘थोब’, ओमानची ‘दिशदाशा’ हे त्याच अकलेचे कपडे आहेत. आणि तिथले पुरुष ते रोज घालतात, ऑफिसातही. कामाला गेलेले परदेशी लोक मात्र पँट-शर्टातच असतात. त्यामुळे कोण तिथला नागरिक आणि कोण पोटासाठी आलेला, हे कपड्यावरून लांबूनच कळतं. पारंपरिक पोशाखाचा हा उपयोग कुणी सहसा बोलून दाखवत नाही.

परंपरा बायकांनीच का सांभाळायची?

हा प्रश्न एका बारावीच्या मुलीने विचारला आणि मला दोन दिवस पुरला. बऱ्याच ठिकाणी तसंच दिसतं. ग्वातेमालात माया समाजाच्या बायका हातमागावरचं ‘हुइपिल’ पोलकं रोज घालतात, त्यांचे नवरे बहुतेक गावांत केव्हाच पँट-शर्टात गेले. बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात घेरदार घागरा आणि गोल हॅट बायकांचीच. पुरुष आधी शहरात, कारखान्यात, पलटणीत गेले. तिथला कपडा त्यांना आधी चिकटला. घरात राहिलेल्या बाईच्या अंगावर जुना राहिला, आणि मग त्यालाच ‘संस्कृती’ म्हणू लागले. आखातात आणि म्यानमारमध्ये पुरुषांनीही सोडला नाही, म्हणजे हा काही निसर्गनियम नव्हे.

आपल्या लग्नात बघा. नवरीला नऊवारी, नथ, चंद्रकोर. नवरदेव सुटात.

किती जुना असला की पारंपरिक म्हणायचा?

वाटतो तेवढा जुना नसतो. आओ-झायचं आजचं अंगाबरोबर बसणारं रूप १९३० च्या दशकातलं. चिनी बायकांचा ‘चिपाओ’ झगा १९२० च्या दशकात शांघायमध्ये रूढ झाला. ला पाझची गोल हॅट मुळात इंग्रजी. नामिबियातल्या हेरेरो बायकांचा घेरदार पोशाख जर्मन मिशनरी बायकांच्या झग्यावरून आला. त्यावर त्यांनी गायीच्या शिंगांसारखं दोन टोकांचं शिरस्त्राण चढवलं आणि तो पुरता आपला करून टाकला, कारण त्यांची सगळी श्रीमंती गुरांत.

आपली पांढरी टोपी घ्या. तिला शंभरेक वर्षं झाली. १९२० च्या आसपास असहकाराच्या दिवसांत ती डोक्यावर चढली. १९३६ मध्ये फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, तेव्हा ती टोपी घालणं म्हणजे सरकारविरुद्ध उभं राहणं होतं. आता तीच टोपी मयताला, लग्नाला, सत्काराला ‘आपली रीत’ म्हणून घालतात. आणि लुगड्यावर आतून परकर घालणं आजीला ठाऊकच नव्हतं. परकर-पोलकं मागाहून आलेलं.

मग खान्देशात रोज कोण काय घालतं, खरं सांगा.

खरं? बायका घरात गाऊन घालतात आणि दाराची कडी वाजली की वर ओढणी घेतात. हाच आपला रोजचा पोशाख आहे, गॅदरिंगला कुणी मागत नाही एवढंच. बाहेर जायला पंजाबी ड्रेस किंवा गोल साडी. लुगडं आता सत्तरीपुढच्या बायकांकडेच, तेही खेड्यात. त्या शेतात जातात, चुलीपुढे बसतात, एस.टी.त चढतात, सगळं लुगड्यात. त्यांच्यासाठी तो सणाचा कपडा नाहीच. गेल्या वर्षी एका आजींना नातीने ‘आजी, आज माझा नऊवारी डे आहे’ सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मना त रोजच शे.’

पुरुषांचं धोतर आठवडे बाजारात दिसतं, मोजकंच. टोपी मात्र चिवट निघाली. कार्यक्रमात टोपी-टॉवेल-नारळ दिला की पाहुणा ती डोक्यावर ठेवतो, फोटो होतो, आणि खुर्चीत बसेपर्यंत ती खिशात गेलेली असते. एका कपड्याचं जास्तीत जास्त पाच मिनिटांचं आयुष्य, हा विक्रम जपान-नॉर्वेलाही जमणार नाही.

चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर जुन्या बंजारा बायका अजून आरशांची कांचळी (चोळी) आणि घेरदार फेटिया (घागरा) रोज घालतात. सुना-नाती ती तीजेला आणि होळीला काढतात. सातपुड्यात होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला पोरी एका रंगाच्या कपड्यांत, चांदी घालून गटागटाने येतात. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, नंदुरबार-धुळ्याच्या रस्त्यांवर शहरात नोकरी करणारे शिक्षक, नर्स, इंजिनिअरसुद्धा आपल्या पोशाखात उतरतात. हा दिवस गेल्या तीसेक वर्षांतला, पण त्या दिवशी त्यांच्या कपड्यात जो ताठा असतो तो आमच्या ट्रॅडिशनल डेमध्ये नसतो.

काठीच्या होळीतला बुध्याचा वेष भाड्याने मिळेल का?

नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत बावा-बुध्या होणारी माणसं नवस बोललेली असतात, व्रत पाळतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगावर नक्षी. त्याला पोशाख म्हणणंच चूक, ते व्रत आहे, वर्षातून त्याच दिवसांपुरतं. कार्डबोर्डची मोरपिसं लावून मी ते शंभर रुपयांत देणार नाही. आग्रह करू नका, या बाबतीत मी भांडखोर आहे.

कानबाईला सगळ्यांनी एकसारख्या साड्या घेतल्या, ही फॅशन कुठून आली?

आमच्या गल्लीतही हेच चाललंय. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते, रात्रभर जागरण, रोटांचा नैवेद्य, आणि सोमवारी विसर्जनाला अख्खी भाऊबंदकी एका रंगात. कुठून आली ठाऊक असणारी कुणी भेटली नाही, पण नायजेरियातल्या योरुबा लोकांत ही जुनी रीत आहे. ‘असो एबी’ म्हणतात, म्हणजे कुटुंबाचं कापड. लग्न असो की मयत, नातेवाईक एकाच ताग्यातलं कापड घेऊन आपापल्या मापाने शिवतात. तिथेही ‘कापड महाग निवडलं’ म्हणून जावाजावांत कुरबुरी होतात. ते वाचल्यावर नायजेरिया मला एकदम पारोळ्याइतका जवळचा वाटला.

परत देताना धुऊन द्यायचं का?

नको. घरी धुतलेला घो मागच्या वर्षी बाहुलीच्या मापाचा होऊन आला.

शिवलेली नऊवारी घातली तर ती खरी नऊवारी धरतात का?

मी शिवते, म्हणून माझं मत धरू नका. पण जपानमध्येही ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची, तयार बांधलेली गाठ मिळते. मागे नुसती अडकवायची. दिवसभर नाचायचं असेल, पोरगी लहान असेल, तर शिवलेलीच घ्या, सुटायची भीती नाही. एक फरक मात्र सांगून ठेवते. नेसलेलं लुगडं तीन पिढ्यांना होतं, कारण ते कुणाच्याच मापाचं नसतं. शिवलेली नऊवारी पुढच्या दिवाळीला आखूड.

आजीचं लुगडं पडून आहे, दुकानात भाड्याला ठेवाल का?

महिन्यातून एकजण तरी ट्रंकेतलं लुगडं घेऊन येते. मी ठेवून घेत नाही. बुधवारी दुपारी तीननंतर दुकानात गर्दी नसते, तेव्हा लुगडं आणि मुलगी दोन्ही घेऊन या. काष्टा घालायला मी शिकवते, दोन-तीन वेळांत हात बसतो. त्याचे पैसे घेत नाही. आजी हयात असतील तर त्यांनाच घेऊन या. त्या नेसवतील आणि मी बघत बसेन, कारण माझाही काष्टा कधी कधी वर जातो.